दिगूचं पोचवणं

दिगूच्या घरून निघायचं असेल तर हाताशी चांगला मोकळा वेळ पाहिजे. कारण दिगू पोचवायला येतो. तुमच्या-आमच्यासारखा दारापर्यंत नाही. "चल, इथल्या इथं पोचवतो," म्हणत तो चपला सरकवतो, फाटकापर्यंत येतो, मग गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, मग तलावापर्यंत, आणि बोलता बोलता तुमच्याच घराची कडी स्वतः वाजवतो. आता दारात आलेल्या माणसाला चहा न देता कसं पाठवणार? चहा होतो. मग रीतीप्रमाणे तुम्ही त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला निघता आणि तिथून तो पुन्हा तुम्हाला पोचवायला वळतो. एका संध्याकाळी आमच्या अशा तीन खेपा झाल्या. शेवटी माझी बायको सुलू फाटकात येऊन म्हणाली, "तुम्ही दोघं मधेच कुठं तरी एक खोली का नाही घेत?"

एकदा विमा विकायला कुणी एजंट त्याच्याकडे आला होता, घाटापलीकडच्या उदयनगरचा. विमा दिगूनं घेतला नाही, पण त्याला बसपर्यंत सोडायला गेला. बसमध्ये गप्पा संपेनात, तशी बस सुटली. दिगू दुसऱ्या दिवशी देवासला परत आला, हातात जंगलातल्या मधाची बाटली. "अरे भिया, बिचाऱ्याला घाटात एकट्याला कंटाळा आला असता," म्हणाला. जणू एजंट त्या घाटातून पहिल्यांदाच चालला होता.

हा दिगू शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झाला. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारलं की तो विचारणाऱ्यालाच पोचवायला निघतो, म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलं. अंगानं काटकुळा, मिश्या मात्र दरबारी. दरबाराचं म्हणाल तर आमच्या देवासात एके काळी दोन दरबार होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच, राजे दोन, मधून रस्ता. राजे गेले, पाती गेल्या, पण आमच्या जुन्या मराठी घरांत अजून लग्नात विडा आधी थोरल्या पातीला मिळतो. मी थोरल्या पातीचा, दिगू धाकट्या पातीचा. त्यामुळे पहिलीपासून आजतागायत हा माणूस कुठल्याही दारातून माझ्या आधी शिरलेला नाही. "थोरली पाती पहिले," म्हणून हात पुढं करतो. दवाखान्यातसुद्धा. ताप त्याला, आणि आत आधी मी.

मागच्या वर्षी आमचं पुण्याला जायचं ठरलं. मुलगा तिथं आहे, सुलूचे गुडघे दुखतात, घर विकायला काढलं होतंच. दिगूला सांगितलं तेव्हा तो "अच्छा," एवढंच म्हणाला, आणि त्या दिवशी पोचवायला फक्त कोपऱ्यापर्यंत आला. मला ते खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब हजर. "धारला मॅरेथॉन आहे, माघात. दोघांची नावं घातली."

"पळायचं किती?"

"इथल्या इथं रे. अमझेऱ्याच्या रस्त्यानं जायचं नि परत यायचं."

"दिगू, किती?"

"बेचाळीस किलोमीटर," तो मिशीतल्या मिशीत म्हणाला.

मी त्याला वेड्यात काढलं. मी शेवटचा पळालो होतो तो शाळेमागच्या बैलाला घाबरून. आणि आम्ही तर दिवाळीनंतर निघणार होतो. पण दिगू हटेना. "एवढी एक गोष्ट कर माझ्यासोबत. दोघांनी पूर्ण करायची. अर्धी नाही. मग जा पुण्याला, मी एक शब्द बोलणार नाही." मुलाला फोनवर सांगितलं तर तो हसत सुटला, "बाबा, तुम्ही? पळणार?" झालं. आता पळणं भाग होतं. जाणं माघापर्यंत लांबलं आणि सुलूनं बांधलेल्या खोक्यांतून माझे कॅनव्हासचे बूट परत बाहेर काढले.

रोज पहाटे माताजींच्या टेकडीला आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. दिगू माझ्या अर्धं पाऊल मागं. कितीही हळू पळा, तो अर्धं पाऊल मागंच. दर्शनाला आलेले लोक विचारायचे, "क्या भिया, किसके पीछे भाग रहे हो?" तर दिगू माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "इनको छोड़ने जा रहा हूँ." लोक हसायचे. मीही हसायचो.

शर्यतीच्या दिवशी धारच्या किल्ल्यासमोरून निघालो. इतरांच्या कमरेला कसल्या कसल्या बाटल्या, दिगूच्या खिशात जीरावनची पुडी. वाटेत केळी वाटत होते, तो प्रत्येक केळ्यावर ती मसाल्याची चिमूट टाकून खात होता आणि शेजारच्यालाही टाकून देत होता. पहिला अर्धा भाग असा मजेत गेला. मला वाटायला लागलं, यात काही विशेष नाही.

मग पळायला आलेले निसरपूरचे एक शेठ भेटले. किराणा दुकान आहे त्यांचं. गुडघा धरून रस्त्याच्या कडेला बसले होते. गावाचं नाव ऐकलं आणि दिगू थांबला. "निसरपूर? जुनं की नवं?"

"पुराना तो डूब में गया भिया. अपन तो नए वाले," शेठ म्हणाले.

बस. गावच धरणाच्या पाण्यात गेलेल्या माणसाला दिगू एकट्याला कसा सोडणार? त्याचा हात खांद्यावर घेऊन तो बस थांब्याकडे निघाला, आणि थांबा मागं होता. म्हणजे आम्ही मॅरेथॉन उलटी पळत होतो. शेठना बसमध्ये बसवलं. मी म्हटलं, चल. दिगू खिडकीशी उभा. बस हलेपर्यंत थांबायचं आणि वळणाआड जाईपर्यंत हात हलवायचा, ही आमच्या घरांची रीत मलाही ठाऊक आहे, पण बसचा ड्रायव्हर समोरच्या टपरीवर पोहे खात होता. त्यानं पोहे खाल्ले. मग जिलेबी मागवली. ठरलेल्या वेळेनंतर आलेल्यांना शर्यतीत धरणार नव्हते आणि दिगू शेठना विचारत होता, घरी कोण कोण असतं. माझ्या डोक्यात सणक गेली. "दिगू, ही काय वरात आहे का?" म्हणून मी ओरडलो. बस सुटली, दिगूनं हात हलवला, मग आम्ही सुटलो.

परतीच्या वाटेवर माझे पाय संपले. दुखत नव्हते, नव्हतेच. मी एका छोट्या पुलियाच्या कठड्यावर बसलो आणि त्याला म्हटलं, "तू जा. तुझ्यात दम आहे."

"मी एकटा जाऊन काय करू?" तो शेजारी बसला. मग उठला नि म्हणाला, "चल, इथल्या इथं. त्या बाभळीपर्यंत." बाभळीपर्यंत गेलो. "आता त्या पंपापर्यंत." पंप आला. मग लाल ट्रॅक्टर, मग हनुमानाची देवळी, मग ढाबा. आयुष्यभर या माणसानं मला असंच फाटकापर्यंत, कोपऱ्यापर्यंत करत घरी आणलं होतं. तीच युक्ती. माहीत असूनही मी फसत गेलो, आणि खरं सांगतो, इतका आनंद मला नोकरीतल्या कुठल्या बढतीनं दिला नव्हता. दोन म्हातारे, गुडघे कुरकुरताहेत, आणि आम्ही शाळेतल्या मास्तरांच्या नकला करत हसत चाललोय.

किल्ला दिसला. कमान दिसली. खुर्च्या उचलायला लागले होते, पण घड्याळ अजून चालू होतं. आणि रेषेच्या एक पाऊल अलीकडे दिगू थांबला.

मला वाटलं, आली पाती आडवी. "दिगू, आज नको रे ते. आज एकदम जाऊ." पण तो हातही पुढं करेना. नुसता रेषेकडं बघत उभा. रेषेवर शिट्टी घेऊन उभे असलेले कुठल्याशा शाळेचे पीटी मास्तर कळवळून म्हणाले, "अंकलजी, पाँव धरो नी अंदर, टाइम हो रिया है." शेवटी मी त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. रेष आम्ही बरोबर ओलांडली. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात पदकं पडली, मी नाचलोसुद्धा, बसल्या बसल्या.

संध्याकाळी देवासला उतरलो. लंगडत लंगडत दिगू मला घरापर्यंत पोचवायला आला. ओसरीवर खोकी रचलेली होती, त्यातल्याच एकावर तो बसला.

"ट्रक सोमवारी ना?"

"सोमवारी."

"भिया, मी आजवर कुणाला अर्ध्या वाटेत सोडलं नाही. पण पुणं काही इथल्या इथं नाही." त्यानं पदक हातात फिरवलं. "तिथवर मला येता येणार नाही. म्हटलं, एकदा जितकं लांब जमेल तितकं पोचवून घेऊ."

"मग रेषेपाशी का थांबलास?"

"ओलांडली की झालंच ना पोचवून."

मला रडू आलं. ते मी लपवलं नाही. सुलू चहा घेऊन दारात उभी होती, तिनंही पदराला डोळे पुसले. चहा झाल्यावर दिगू उठला तसा मीही भिंत धरून उठलो. "चल, तुला पोचवतो." सुलूनं एरवी दोन शब्द सुनावले असते. आज तिनं माझ्या चपला पुढं सरकवल्या.

कोपऱ्याशी येताच तो सवयीनं परत वळायला लागला. मी त्याचा दंड धरला. "आज नाही. आज तुझ्या दारापर्यंत." त्याच्या दारापर्यंत गेलो. त्यानं कुलूप काढलं, आत गेला, दिवा लावला. "नीघ आता, वैनी वाट बघत असतील," म्हणाला.

मी निघालो. फाटक ओलांडलं असेल नसेल, मागून चपलांची ओळखीची फरफर ऐकू आली. मी वळून पाहिलं नाही. चाल तेवढी हळू केली.