झनकलाल आणि लाल फुलीची पेटी

आमच्या मिलातल्या झनकलालला औषधाची पेटी उघडायची झाली, की आधी पँट सैल करावी लागे. पेटीची किल्ली तो कमरेच्या करदोड्याला बांधून ठेवी. कुणाचं बोट कापलेलं, रक्त टपकतंय, आणि हा भिंतीकडे तोंड करून बटण सोडतोय. धान वाळवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत. एकदा मी म्हटलं, "किल्ली खुटीले टांग ना गा." तर म्हणे, "पेटी जिम्मेदार मानसाच्या ताब्यात पायजे. कायदाच हाये तसा."

मिल नवेगाव बांधहून कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. धान उकडून तांदूळ काढायची. झनकलाल तिथं भट्टीत भुसा टाकायचा, मी मागची राख उपसायचो. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला एक सरकारी साहेब येऊन गेला आणि सेठला म्हणाला, पेटी पाहिजे आणि पेटीचं शिकलेला माणूस पाहिजे. पेटी दुसऱ्या दिवशी आली. माणूस म्हणून झनकलालला गोंदियाला धाडलं. तो हुशार होता म्हणून नव्हे. त्या दिवशी भट्टी बंद होती आणि बाकी कुणाचा खाडा सेठला परवडत नव्हता.

एका दिवसाचं शिक्षण. पण परत आला तो कागद काचेत मढवूनच. कागद मारुतीच्या फोटोशेजारी टांगला आणि पेटी उघडली. आत मुनीमजीच्या अगरबत्त्या, तंबाखूची पुडी आणि सेठचा जुना चष्मा. झनकलालनं सगळं मुनीमजीच्या गादीवर नेऊन ओतलं.

"पेटीत पेटीचंच सामान. कायदा हाये."

"अबे, तू डॉक्टर झाला का?"

"डॉक्टर नाई. जिम्मेदार."

त्या दिवसापासून तो सेठच्या मागे लागला. कापूस संपला, मलम जुनं झालं, राखेच्या ढिगाला कुंपण नाही. सेठ कपाळाला हात लावी. "ये आदमी मेरी मिल बंद करवाएगा." आम्हीही हसायचो. मी सगळ्यांत जास्त.

राखेचं एक असतं. वरून ती करडी, थंड, मेलेली दिसते. आत आठ-आठ दिवस निखारा जिता राहतो. झनकलालनं ढिगाभोवती सुतळी बांधली होती. मी बारा वर्षं राख उपसलेला माणूस. मला हा भट्टीवाला रस्ता दाखवणार? भर दुपारी सुतळी ओलांडून मी आडवा निघालो. तिसऱ्या पावलाला उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

ओरडलो कसा, ते आठवत नाही. मुनीमजी दातांची पेस्ट घेऊन धावला. झनकलालनं त्याला ढकलून दिलं, माझा पाय बोअरच्या पाइपाखाली धरला आणि घड्याळाकडे बघत बसला. वीस मिनिटं. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"दे शिव्या," तो म्हणाला. "पाय हलवू नको मातर."

मग पट्टी बांधली, जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं, आणि परत येऊन, सरकारी साहेब तपासायचा त्या नोंदवहीत लिहिलं : मिलात, राखेच्या ढिगावर, कुंपण नसल्यामुळे.

तिथून खरा घोळ झाला. सेठ माझ्या घरी आला, जन्मात पहिल्यांदा. खाटेवर बसला, पाणी प्याला. म्हणाला, "रामाजी, घर पे चूल्हे से जले हो, इतना लिख दो. पैर ठीक हुआ तो गेट पे बैठो, जिंदगी भर." मी चौथी शिकलेला, अंगठा लावत नाही. सही केली. चांगली वळणदार केली.

चार दिवसांनी मला जीपमधून मिलात नेलं आणि सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवलं. सेठनं झनकलालला दोन गोष्टी सांगितल्या : वहीचं पान फाड, नाही तर घरी जा.

झनकलालनं सेठकडे पाठ केली. माझ्यासमोर उकिडवा बसला. "सांग ना गा रामाजी. कुठं भाजलास?"

बाया बघून राहिल्या होत्या. मुनीमजी बघून राहिला होता.

"घरी," मी म्हटलं. "चुलीवर."

त्यानं पान फाडलं नाही. कमरेची किल्ली सोडून मुनीमजीपुढे ठेवली. या वेळी कुणी हसलं नाही. काचेतला कागद काढून सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि गेला. पान मग मुनीमजीनं फाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या अंगणात सायकलची घंटी वाजली. पिशवीत कापूस, उकळून वाळवलेल्या पट्ट्या. मला वाटलं, शिव्या द्यायला आला. मी तयार होतो, माझ्याकडेही होत्या. तो बायकोला म्हणाला, "वैनी, हात धुवाले पानी द्या," आणि माझा पाय मांडीवर घेऊन बसला.

रोज यायचा. दोन कोस सायकलनं. मिलाचं नाव काढायचा नाही. पावसाचं बोले, धानाच्या रोवण्याचं बोले. त्याची घरवाली वारल्याला तीन वर्षं झाली होती, पोरगा सुरतेला, फोनही नसे. हे सगळं मला बायकोनं सांगितलं. तो मिलात आल्यापासून आठ वर्षं मी त्याच्या शेजारी काम करून कधी विचारलं नव्हतं.

दीड महिन्यानं जखम भरली. खाली गुलाबी कातडी आली. मी अंगणात चालून पाहिलं, दुखत नव्हतं. त्या सकाळी तो आला तेव्हा बायको म्हणाली, "भाऊजी, आता बरा झाला पाय."

झनकलालनं पाय मांडीवर घेतला, उन्हाकडे फिरवला. बोटानं दाबून पाहिलं. पिशवीतून पट्टी अर्धी बाहेर आली होती, ती तशीच हातात राहिली.

"कातडी कवळी हाये अजून," तो हळूच म्हणाला. "चार दिवस बांधा लागन."

खोटं होतं. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. बायकोनं काही बोलायला तोंड उघडलं, तिला मी डोळ्यांनी गप्प केलं.

माफी मागायला माझी जीभ कधी वळली नाही, त्या दिवशीही वळली नाही. मी पाय पुढे सरकवला.

"बांध," म्हटलं. "आन उद्या जरा लवकर ये. चहा इथंच घे."