बसून पेला उचलिल्याचा कज्जा आणि पायदळ-आरमाराचा तह

लिहिणार कोणाचा मिंधा नाहीं, चहा दोन कप घेतला तेवढाच, तेव्हां लिहिलें तें खरें मानावें. राजश्री सुभेदारसाहेब, पायदळांत अठ्ठावीस वर्षें चाकरी करून निवृत्त, हल्लीं मुक्काम तिसरा मजला, डावे हातचें दार, यांच्या दिवाणखान्यांत एके रविवारीं जो संग्राम जाहला, त्याची ही साद्यंत हकीकत असे.

सुभेदारसाहेबांस एकच कन्या. ती हवाईदळांत विमानांचीं इंजिनें खोलून पुन्हां जोडते, आणि जोडल्यावर एकही स्क्रू उरत नाहीं ऐसा तिचा लौकिक. तिणें आपल्या मर्जीनें दांतांचा डॉक्टर निवडिला. मुलगा स्वभावें गरीब, परंतु त्याचे वडील आरमारांतले, तीस वर्षें बोटीवर काढिलेले. मग सुभेदारसाहेबांनीं हुकूम सोडिला कीं, बाप पारखून घेतल्याविना होकार मिळणार नाहीं. त्यावर बाईसाहेब मुदपाकखान्यांतून बोलिल्या, “लग्न काय बापाशी लावताय?” परंतु हुकूम तो हुकूम, आणि कन्येनेंही मान्य केला, कारण बापाचा होकार तिला मनापासून हवा होता.

भेटीची वेळ अकराची नेमिली. पायदळांत अकरा म्हणजे पावणेअकरा, सबब सुभेदारसाहेब जोडे चकचकीत करून, मिशीस पीळ देऊन दाराशीं खडा पहारा करूं लागले. आणि हवाईदळांत अकरा म्हणजे हवा बरी असेल तर, सबब कन्या अद्याप केस वाळवीत होती. मग घड्याळांत अकराचा ठोका पडतांच आरमारकर आणि त्यांचे चिरंजीव उंबऱ्याशीं हजर जाहले. परंतु आरमारकर आंत येईनात. ताठ उभे राहून म्हणाले, “आत यायची परवानगी आहे?”

“अहो, या की! दार उघडंच आहे.”

तरी हलेनात, कारण बोटीवर चढतां परवानगी मागावी आणि ती शब्दांत मिळावी, ऐसी आरमाराची चाल. सुभेदारसाहेबांस वाटलें, पाहुण्यांस घर पसंत नाहीं. चिरंजीव मागें जिन्यांत खोळंबले. अखेर बाईसाहेबांनीं हात पुसत येऊन “दिली हो दिली परवानगी!” ऐसें फर्मान काढिलें, तेव्हां स्वारी आंत दाखल जाहली.

पुढें सलामी जाहली. सुभेदारसाहेबांनीं पंजा सताड उघडा दाखवून कडक सलाम ठोकिला, आणि पाय ऐसा आपटिला कीं खालच्या मजल्यावरून छतास काठी वाजली. आरमारकरांनीं सलाम केला तो आरमाराच्या रिवाजानें, तळवा जमिनीकडे वळवून. हा हात लपवितो, म्हणजे यांत नक्की काळेंबेरें आहे, ऐसा संशय सुभेदारसाहेबांचे दिलांत शिरला. मग बैठक जाहली आणि नजर आरमारकरांच्या दाढीवर गेली. पायदळांत दाढी राखणें तर डॉक्टरची चिठ्ठी लागते, सबब साहेबांनीं माणुसकीनें पुसिलें, “मध्यंतरी बरं नव्हतं का?” आरमारांत राखावी तर दाढी-मिशी दोन्ही, नाहीं तर दोन्ही सफाचट. तेव्हां आरमारकर त्या एकट्या मिशीकडे पाहून तितक्याच कळकळीनें म्हणाले, “मी बरा आहे हो. पण तुमची उरलेली कुणी कापली?”

चिरंजीवांच्या घशांत बिस्कीट अडकलें. कन्येनें पाठीत धपाटा घालून तें उतरविलें.

येथवरही निभावलें असतें. परंतु सरबत आलें, आणि सुभेदारसाहेब पेला घेऊन उभे राहिले. त्यांचा एक जिवलग दोस्त होता, पलटणींत त्यास लंबू म्हणत. कन्या पाळण्यांत असतां तो म्हणाला होता, “हिच्या लग्नात मी नाचणार.” पुढें वर्षभरांत सरहद्दीवर तो कामीं आला. घरांत शुभकार्याची बोलणी निघाली कीं पहिला पेला लंबूच्या नांवें, हा साहेबांचा नेम. साहेब बोलिले, “लंबूसाठी,” आणि सारे उभे राहिले, मांडीवरची बशी सांभाळीत चिरंजीवही राहिले, परंतु आरमारकर बसल्या जागीं पेला उंचावून मोकळे जाहले.

मग काय विचारतां! साहेबांचा चेहरा लाल, मिशी थरथर कांपूं लागली. पेला आदळून फर्माविलें कीं, जो माझ्या मेलेल्या दोस्ताकरितां बूड उचलीत नाहीं त्याच्या घरीं माझी मुलगी जाणार नाहीं, बोलणें खुंटलें, पायताण दाराशीं आहे. आरमारकर पांढरे पडिले. बाईसाहेबांनीं कपाळास हात लाविला. कन्येच्या डोळ्यांत टचकन पाणी आलें, तें तिणें बाहीनें पुसलें आणि ती खिशांत हात घालून दोहों फौजांमध्यें उभी राहिली. हवाईदळांत खिशांत हात घातल्यास कोणी फारसें मनावर घेत नाहीं, ऐसें पायदळवाले म्हणतात.

“बाबा, ऐका. बोटीत छत इतकं खाली असतं की उभं राहिलं की टाळकं फुटतं. म्हणून ते मानाचा पेला बसूनच घेतात. राष्ट्रपतींसाठीही बसून आणि मेलेल्यासाठीही बसून.”

“हिनं शिकवलं तुम्हाला हे?” साहेबांनीं गुरकावून पुसिलें.

आरमारकर हळूच म्हणाले, “नाही हो. माझा एक दोस्त होता, बुटका. वादळात गेला, सापडलाच नाही. त्याच्यासाठी मी दर वर्षी बसूनच घेतो. मघाशी तुमच्या लंबूबरोबर त्याचंही नाव मनात घेतलं.”

साहेबांस भडभडून आलें. आपण चुकलों हें कळलें, परंतु तोंडानें कबूल करणें पलटणींत शिकविलें नव्हतें. तेव्हां मुकाट पेला उचलिला आणि आरमाराचा मान राखावा म्हणून खुर्चींत बसले. नेमके त्याच क्षणीं आरमारकर पायदळाचा मान राखावा म्हणून उठून उभे राहिले. एक बसलेला, एक उभा! दोघेही ओशाळले. मग साहेब उठले तों आरमारकर बसले; आरमारकर उठले तों साहेब बसले. ऐसें चार वेळां जाहलें, सरबत गालिच्यावर सांडलें, आणि माघार घेण्यांत कोणी कोणास हार जाईना.

मग कन्येनें करारी स्वरांत हुकूम केला, “बस्स! आता दोघंही अर्धे वाका. आणि तिथंच थांबा!”

दोन्ही सरकारें खुर्ची आणि छत यांच्या बरोबर मध्यावर वांकलीं. चारी गुडघे कडकड वाजले. “लंबूसाठी,” आरमारकर म्हणाले. “आणि बुटक्यासाठी,” साहेब म्हणाले, आणि उरलेलें सरबत दोघांनीं एका दमांत संपविलें. परंतु वांकले ते तैसेच राहिले. साहेबांची कंबर धरली आणि आरमारकरांचे गुडघे आखडले, खालीं बसवेना कीं वर उठवेना. तेव्हां कन्येनें आरमारकरांस आणि डॉक्टरानें साहेबांस बगलेंत हात घालून ओढिलें.

“जावईबापू, जरा जपून!” साहेब कळवळून ओरडले.

 होकार आला तो ऐसा, कमरेंतून. कज्जा मिटला, तह जाहला, कन्येची फत्ते जाहली. सबब दस्तुरखुद्द नोंद केली असे.