मनोहररावांचा तळहात

मनोहररावांच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात सिंगापूरचा फोन बसला आणि धंद्याला साडेसाती लागली. पण साडेसाती काही पाटी लावून येत नाही. पहिल्या दिवशी तर त्यांनी फोनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि शेजारपाजारच्या गोदामांत पेढे वाटले.

फोन आणला होता त्यांच्या साळ्याने, गिरिधरने. तो बोटीवर नोकरीला होता आणि सुट्टीवर आला की बहिणीच्या घरी काहीतरी नवलाचं घेऊन यायचा. या फोनला डायल नव्हती, बटणं होती. नंबर त्याच्या लक्षात राहत. लाइन लागली नाही तर एक बटण दाबलं की पुन्हा तोच नंबर आपोआप फिरे. गिरिधरने एकेक गुण सांगितला आणि मनोहरराव नुसते मान डोलावत राहिले. मग त्याने कोपऱ्यातल्या लाल बटणावर बोट ठेवलं.

"हे दाबलं का भाऊजी, तिकडच्याले गाणं ऐकू येते. तुमचं बोलणं नाही येत. मोठमोठ्या कंपन्यांत असंच असते."

मनोहररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहजिकच होतं. ट्रान्सपोर्टचा धंदा दोन गोष्टींवर चालतो, ट्रकवर आणि तळहातावर. त्यातही मनोहररावांचा ट्रक बहुधा मिस्त्रीकडे असायचा, त्यामुळे खरा भार तळहातावरच. माल पाठवणाऱ्या पार्टीचा फोन आला, "माल निघाला काय?" की हे छातीठोकपणे सांगत, "निघाला ना, कोंढाळी सोडली असंल." मग रिसीव्हरचं बोलायचं तोंड तळहाताने गच्च दाबत आणि समोरच्या टेबलावरच्या कारकुनाला, केशवला विचारत, "काय गा, टायर आलं का?" केशव म्हणे, नाही आलं. की हात काढून, "हो, हो, तळेगावही पार झालं." सगळी उमर यात गेली होती. उन्हाळ्यात हाताला घाम सुटे, पकड सैल होई, आणि पार्टीने ऐकलं की काय या धास्तीने जीव टांगणीला लागे. आता सुटले बिचारे.

बारक्या पार्ट्या येत नि जात. पण बारा महिने पुरेल असं काम एकच होतं, खापा गावच्या रुपरावांचं. रुपराव लुगड्यांचे व्यापारी. खाप्याच्या मागावरची लुगडी वाडीच्या गोदामात येत आणि तिथून अकोल्याला जात. मनोहररावांची बायको सुभद्रा म्हणायचीच, खाप्याचा माल आहे तोवर आपल्या घरी चूल आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

नवा फोन बसला आणि मनोहररावांच्या अंगात वेगळाच रुबाब आला. पूर्वी हाताआड कुजबुजावं लागे. आता लाल बटण दाबायचं, तिकडे टिंगटिंग गाणं सुरू आणि इकडे मोकळ्या गळ्याने खरं बोलायचं. हमालही फोनपुढे जरा दबून वागू लागले.

रुपराव मात्र चमत्कारिक वागायला लागले होते. एरवी दोन वाक्यांत फोन ठेवणारा माणूस, आता घुटमळायचा. गाडी निघाली म्हटलं तरी ठेवायचा नाही.

"कोणाले काही विचारायचं नाही काय, मनोहरराव? विचारून घ्या ना. मी थांबतो."

मनोहररावांना वाटलं, म्हाताऱ्याला गाणं आवडलं. ते खुशीने लाल बटण दाबत आणि चांगलं दोन कडवी ऐकवत.

लग्नसराई तोंडावर आली. अकोल्याच्या दुकानदाराने रुपरावांना बजावलं होतं, माल वेळेवर आला तर ठीक, नाहीतर मी दुसऱ्याचा घेईन. रुपरावांनी फोन केला, तेव्हा ट्रकची गिअरपेटी अंगणात उघडी पडली होती आणि मिस्त्री मेहुणीच्या लग्नाला भंडाऱ्याला गेला होता. मनोहररावांनी सांगितलं, सकाळीच निघाली. लाल बटण दाबलं आणि मिस्त्रीच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग बटण सोडून म्हणाले, "उद्या अकोल्यात समजा."

"खरंच निघाली म्हणता?" रुपरावांचा आवाज एकदम हलका झाला. "मग मीही निघतो. माल मीच उतरवून घेतो."

तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण अक्कल विकत मिळत असती तर काय हवं होतं.

रुपराव अकोल्याला गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. त्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दारात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, दुकानदाराने दुसऱ्याचा माल भरून घेतला आणि रुपरावांना चहा पाजून रवाना केलं. परतीच्या एस.टी.तून ते वाडीलाच उतरले आणि थेट ऑफिसात आले.

गिअरपेटी अजून अंगणातच होती. रुपराव तिला वळसा घालून आत आले, बसले, पाणी प्याले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मनोहरराव, इतकी वर्षं तुम्ही मले गाडी कोंढाळीले आहे म्हणता. मी कधी ऐकलं काय?"

मनोहररावांनी पाण्याचा तांब्या पुन्हा पुढे सरकवला.

"ते मी ऐकतच नव्हतो. हात ठेवून जे बोलत होता ना, ते ऐकत होतो. सारं साफ ऐकू येते गा. टायर नाही, तं मी समजो, परवा. डायव्हर पळाला, तं चार दिवस. त्या हिशोबानं मी अकोल्याले कळवो. म्हणून तं तुमच्याकडं माल होता. तुमच्यासारखी पक्की बातमी कोणीच देत नव्हतं." त्यांनी लाल बटणाकडे बोट केलं. "आता हे टिंगटिंग. मी म्हटलं, हात ठेवला नाही, म्हणजे खरंच निघाली असंल."

मनोहररावांनी हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. रुपराव शांतपणे उठले. यापुढे माल समोरच्या धोंडबाच्या ट्रान्सपोर्टला, असं ते म्हणाले.

"अहो, तो तर माझ्याहून लबाड आहे!"

"आहे ना. पण त्याचा तळहात लहान आहे."

त्या दिवशी मनोहरराव जेवले नाहीत. सुभद्रेने का म्हणून विचारलं, तर तिलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेलिफोन खात्याचा जुना काळा फोन माळ्यावरून काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि केशवकडून तारा जोडून घेतल्या. खाप्याला ट्रंक कॉल लावला. रुपराव लाइनवर आले. सरळ माफी मागायची होती, पण फोनवर खरं बोलायला जीभच वळेना. सवय नव्हती. शेवटी त्यांनी तळहात तोंडावर ठेवला, बोटं चांगली फाकवून, आणि ते केशवला म्हणाले,

"केशव, चुकलं गा माझं. खाप्याचा माल गेला तं मी मेलो. घरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

केशवने डोळे पुसले आणि जरा मोठ्यानेच सांगितलं, गिअरपेटी अजून उघडीच आहे.

पलीकडे मग रिसीव्हरवर हात ठेवल्याची घरघर झाली आणि रुपरावांचा आवाज आला. ते बायकोशी बोलत होते. अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"मनकर्णा, तो मनोहर रडून राहिला वं. वाईट वाटते. पण धोंडबाले वर्षाचा शब्द देऊन बसलो. आता नाही जमत."

हात निघाला.

"पाहतो, मनोहरराव," रुपराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुमचंच काम समजा."

"हो, हो," मनोहरराव म्हणाले. "काही घाई नाही."