धक्क्यावर बसण्याचं वेळापत्रक

माणसाला घर बांधायला शिकायला हजारो वर्षं लागली आणि तेच घर चार दिवस सोडून तंबूत झोपायला सहा महिने आधी नंबर लावावा लागतो, यावरून मानवजातीची प्रगती कोणत्या दिशेने चालली आहे ते कळतं. पूर्वी निसर्ग कुठेही पडलेला असायचा, म्हणून त्याला कोणी विचारत नसे. आता तो कुंपणाच्या आत, क्रमांक घातलेल्या जागांवर आणि पावती दाखवल्यावर मिळतो (कुत्रं सोबत असल्यास पट्ट्यासह). त्यामुळे निसर्गाची इज्जत वाढली आहे.

आमच्या शहरापासून पाच तासांवर असंच एक राज्य वनोद्यान आहे. त्यात एक तळं आहे. तळ्याकाठी बारा तंबूंच्या जागा आखलेल्या आहेत आणि पाण्यात थोडा आत गेलेला एक लाकडी धक्का आहे. धक्क्याच्या टोकाला दोन माणसं पाण्यात पाय सोडून बसू शकतात. तिसरं बसलं तर धक्का आपलं मत व्यक्त करतो.

आमच्या सौभाग्यवतींना त्या धक्क्यावर बसायचं होतं. त्या वीजपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोनवर असतात. कुणाच्याही घरातला दिवा गेला की तो माणूस आधी हिच्या कानात ओरडतो आणि मग मेणबत्ती शोधतो. तीन वर्षं ती एकच गोष्ट सांगत होती.

"मला पाण्यात पाय सोडून तासभर बसायचंय. कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही."

मागणी माफक होती. मलाही शांतता हवीच होती, कारण मी अकरा वर्षं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. जिन्यात चपला ठेवाव्यात की नाही हा प्रश्न मी एकट्याने नऊ वर्षं जिवंत ठेवला आहे. माणूस थकतो. म्हणून आम्ही नंबर लावला आणि निघालो.

निसर्गाच्या सान्निध्यात साधेपणाने राहण्यासाठी पुढील वस्तू लागतात: घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, घडीचा पलंग, घडीची बादली, बॅटरीवरचा पंखा, वाऱ्यापासून संरक्षण देणारा पडदा (पंखा लावल्यावर उपयोगी पडतो), डास पळवणारी तीन औषधं आणि ती लावल्यावर अंगाची होणारी आग शमवणारं चौथं. एवढं सगळं गाडीत भरल्यावर दोन माणसांची जागा उरते, पण एकाला पाय वर घ्यावे लागतात. ते हिने घेतले.

पोचल्या पोचल्या ती चपला काढून म्हणाली, "जाऊ का मी धक्क्यावर?"

"आधी तंबू लावून घेऊ," मी म्हणालो. "मग निवांत बसू."

तंबू ही वस्तू अत्यंत विचारपूर्वक बनवलेली असते. ती पिशवीतून बाहेर एका झटक्यात येते आणि आयुष्यात पुन्हा आत जात नाही. आमच्या तंबूच्या काठ्या जुळल्या, कापड जुळलं, तरी कुठेतरी घोडं पेंड खात होतं. शेवटी दार ज्या बाजूला यायला हवं होतं त्या बाजूला खिडकी आली आणि आम्ही त्या खिडकीला दार म्हणायचं ठरवलं. संसारात असं करावंच लागतं. हिने हात झटकले आणि पुन्हा धक्क्याकडे पाहिलं. धक्का रिकामा होता. त्याच क्षणी माझं लक्ष दोरीवर गेलं.

शेजारच्या जागेवर एक जोडपं उतरलं होतं. त्यांनी तंबूपुढे सावलीसाठी एवढं मोठं कापड ताणलं होतं की त्याखाली एखादं लग्न लागलं असतं. म्हणून सगळे त्यांना मांडववाले म्हणू लागले. या मांडवाच्या एका कोपऱ्याची दोरी आखणी ओलांडून आमच्या जागेत आली होती आणि तिची मेख आमच्या हद्दीत ठोकलेली होती. चांगली वीतभर आत.

मी भांडखोर नाही. मी फक्त मांडववाल्यांना म्हणालो, "दोरी आमच्याकडे आलीय."

ते म्हणाले, "हो का? येऊ दे की."

हा बेफिकीरपणा मला सहन झाला नाही. मी उद्यानाच्या रक्षकाकडे गेलो. रक्षकाच्या खोलीला तळ्याकडे उघडणारी मोठी खिडकी होती. त्या खिडकीकडे पाठ करून तो भिंतीवरच्या कॅलेंडरातलं दुसरंच एक तळं बघत बसला होता. माझं सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "साहेब, चार दिवसांसाठी आलायत. तळं बघा ना."

जबाबदारीच्या पदावरचा माणूस असं बोलतो, तेव्हा लोकांना स्वतःच उभं राहावं लागतं. संध्याकाळी शेकोटीभोवती मी सहज विषय काढला आणि लक्षात आलं की अन्याय सर्वत्र होता. सहा नंबरच्या तंबूतलं घोरणं आठ नंबरपर्यंत जात होतं. तीन नंबरवाले आपला धूर दोन नंबरकडे पाठवत होते (वारा त्यांना सामील होता). पहाटे एक पक्षी झाडावरून ओरडतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही, अशीही तक्रार आली. माझ्या पाहणीनुसार जमलेल्यांपैकी ऐंशी टक्के लोक शांतता शोधायला आले होते. उरलेल्या वीस टक्क्यांना त्या ऐंशी टक्क्यांनी ओढत आणलं होतं. अशा समाजाला कमिटीशिवाय कसं सोडायचं?

'जलाशयकाठ तात्पुरते तंबूधारक रहिवासी संघ' त्याच संध्याकाळी स्थापन झाला. निवृत्त लेखापरीक्षक असलेले एक काका अध्यक्ष झाले, कारण हात टेकायची खुर्ची फक्त त्यांनी आणली होती. सेक्रेटरीपदासाठी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी नको नको म्हणत होतो, पण माझ्या हातात आधीच पेन होतं. पैसा अजिबात नसल्यामुळे खजिनदार दोन नेमले, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहील.

आमची ही अंधारात उठून चपला शोधू लागली.

"कुठे?"

"धक्क्यावर. रिकामा आहे."

"आत्ता नको. पहिलीच सभा आहे, सेक्रेटरीच्या घरचं माणूस उठून गेलं तर बरं दिसत नाही."

ती बसली. तिचा स्वभाव मुळात चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी कमिटीने कामाला हात घातला. एकमताने ठराव झाले. रात्री नऊनंतर तंबूची चेन हळू ओढावी. दुसऱ्याच्या शेकोटीकडे टक लावून पाहू नये. पाहायचं असल्यास लाकूड आणावं. पहाटे ओरडणाऱ्या पक्ष्याबाबत, तो ज्या झाडावर बसतो त्या झाडाखालच्या तंबूधारकास समज द्यावी. मुलांनी पाण्यात दगड मारू नयेत, मारल्यास छोटे मारावेत. हा शेवटचा ठराव दोन तास चालला, कारण 'छोटा' म्हणजे केवढा यावर काकांनी प्रत्यक्ष दगड मागवले.

मग धक्क्याचा प्रश्न आला. तोवर धक्क्यावर कोणीही, केव्हाही, मनाला येईल तसं जाऊन बसत होतं. कुणी सांगणारं नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं. काकांना ते ऐकून धक्काच बसला. मी तातडीने वेळापत्रक तयार केलं. प्रत्येक तंबूला एक तास, चिठ्ठ्या टाकून. आमची चिठ्ठी सकाळच्या पहिल्याच तासाची निघाली. सेक्रेटरीनेच आपलं नाव वर काढलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी ती पुन्हा आत टाकली. दुसऱ्यांदा तिसऱ्या दिवशीची दुपारी तीनची वेळ आली.

"तीन वाजता तिथे पाय ठेवता येत नाही, एवढं ऊन असतं," ही म्हणाली.

"पाय पाण्यात ठेवायचे आहेत ना?"

"तुम्ही चिठ्ठी परत का टाकलीत?"

"तत्त्व म्हणून."

ती काही बोलली नाही. तक्रार कक्षात काम करणाऱ्या बाईचं न बोलणं फार तयारीचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

वेळापत्रकाचे परिणाम उत्तम होते. ज्यांची वेळ असे ते कुठल्या ना कुठल्या सभेत असत आणि ज्यांची नसे त्यांना बसायला बंदी होती. त्यामुळे धक्क्याची झीज पूर्णपणे थांबली. तक्रारींचं सांगायचं तर कमिटीपूर्वी रक्षकाकडे गेलेली एकूण एक होती (माझी). कमिटीनंतर त्या सत्तेचाळीस झाल्या. लोकांमध्ये एवढी जागृती अवघ्या दीड दिवसात आली. रक्षकसुद्धा काकांकडे येऊन, दुपारी घटकाभर डोळा लागला तर चालेल का, असं विचारून गेला. अर्ज विचाराधीन ठेवला.

फक्त दोरी जागची हलली नव्हती. मांडववाल्यांचं म्हणणं असं की मेख काढली तर मांडव पडेल, मांडव पडला तर त्यांच्या सासूबाईंना ऊन लागेल आणि सासूबाईंना ऊन लागलं तर पुढची जबाबदारी माझी. त्यांच्या सासूबाई आलेल्याच नव्हत्या. पण पुढच्या वेळी येऊ शकतात, हा मुद्दा काकांना विचार करण्यासारखा वाटला. तेव्हा अखेरचा निर्णय सर्वसाधारण सभेत मतदानाने व्हावा असं ठरलं. सभेची वेळ पडली तिसऱ्या दिवशी, दुपारी तीन.

पावणेतीनला ही खांद्यावर टॉवेल टाकून निघाली.

"अगं, सभा आहे!"

"आपली वेळ आहे. तुमच्याच अक्षरात लिहिलंय."

"तू गेलीस तर गणपूर्ती होत नाही. सभा बेकायदेशीर ठरेल. दोरी तशीच राहील. वीतभर जागा जाईल आपली!"

ती थांबली. वळली. आणि ज्या आवाजात ती रोज शेकडो माणसांना बोलते त्या गोड, थंड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." आणि चालू लागली.

ती धक्क्याच्या टोकाला जाऊन बसली. पाय पाण्यात सोडले. जेमतेम दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात काकांनी कायदेशीर शंका काढली. वेळ तंबूला दिलेली आहे, तंबूत माणसं दोन आहेत, मग त्यातला अर्धा तंबू सभेत असताना उरलेला अर्धा धक्क्यावर बसू शकतो काय? शंका रास्त होती. जागेवर जाऊन पाहणी करावी असं ठरलं. सगळी सर्वसाधारण सभा उठून धक्क्यापाशी आली आणि हिच्या पाठीमागे उभी राहून चर्चा करू लागली. कोणी म्हणालं, अर्धा तास द्यावा. कोणी म्हणालं, एकच पाय सोडावा. मांडववाल्यांनी त्यातच सासूबाईंचा विषय काढला. बावीस माणसं एकदम बोलत होती आणि ती सगळी तिच्या कानाशी बोलत होती.

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. टॉवेल घडी करून बाजूला ठेवला, हातातलं घड्याळ काढून त्यावर ठेवलं आणि होते त्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली.

ती पोहते हे मला माहीत होतं. लग्नाच्या आधी तिने बक्षिसं मिळवली होती असं सासरे सांगायचे. पण इतकी चांगली पोहते हे माहीत नव्हतं. हातावर हात टाकत ती निघाली ती थेट तळ्याच्या मध्यापर्यंत, जिथे आमच्यातला एकही आवाज पोचत नव्हता. तिथे ती उताणी झाली आणि तरंगत राहिली.

मग काका म्हणाले, "तळ्याचा मधला भाग आपल्या अखत्यारीत येत नाही. पण सभासद नजरेच्या टप्प्यात आहेत, तेव्हा गणपूर्ती झाली असं समजू." आणि तिथेच, काठावर, दोरीच्या ठरावावर मतदान पुकारलं. हात वर झाले. मी मोजले. दोन्ही बाजूंना समसमान मतं पडली.

त्याच वेळी तळ्यातून तिने हात वर केला.

तो हात मला बोलावत होता. ते मला लगेच कळलं. पंचवीस वर्षांत तिने मला असं लांबून हात करून कधी बोलावलं नव्हतं आणि माझ्या जिवाला खरोखर वाटलं की बूट काढावेत आणि जावं. एक बूट मी काढलाही. पण मोजणी चालू असताना सेक्रेटरीने जागा सोडायची नसते. शिवाय काकांनी तो हात मत म्हणून धरला होता आणि ते मत ठरावाच्या बाजूने की विरुद्ध, यावर इतका गदारोळ उठला की माझं तिथे असणं अत्यावश्यक झालं. दोन्ही बाजू तिचा हात आपलाच असल्याचं सांगत होत्या. ती अजून दोनदा हात हलवून थांबली. मग तिने तो खाली घेतला आणि आभाळाकडे बघत राहिली.

आमची वेळ चार वाजता संपली. ती सहाला बाहेर आली.

परतीच्या वाटेवर ती गाडीत पाय वर घेऊन बसली होती आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. इतकी खूश मी तिला पाहिलेलं नाही. मला आनंद झाला. मी विचारलं, "काय गं, कसं होतं तळं?"

ती म्हणाली, "तुम्हीही होतात की तिथे."

वाचकहो, तुम्ही आता मान हलवताय. काय माणूस आहे, एवढ्या सुंदर तळ्याकाठी जाऊन यानं काय केलं, असं म्हणताय. तळं सुंदर होतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी नाही. पाणी हिरवं होतं की निळं, पलीकडे डोंगर होता की झाडी, यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नाही आणि ते लिहिलेलं नाही हे इथवर येईपर्यंत तुमच्या ध्यानात आलं नाही. तुमचा जीव अडकलाय तो दोरीत. मेख शेवटी निघाली की नाही, एवढंच तुम्हाला अजून हवंय. निकाल पुढच्या वर्षीच्या सभेपर्यंत राखून ठेवला आहे. कमिटीत एक जागा रिकामी आहे, तिच्यासाठी मी तुमचं नाव सुचवलं आहे.