इंद्रभानचा चिनी इलाज

इंद्रभानच्या डाव्या कानात दोन महिन्यांपासून किर्रर्र वाजत होतं, आणि किन्हीराजात त्यावर विश्वास ठेवणारं एक माणूस नव्हतं. गावाचं सोडा, पण खुद्द बायको गोमतीबाईही ठेवीना, हे त्याला फार लागलं होतं.

"वांग्याले पाणी सोडा म्हटलं, का बरोबर वाजतात तुमचे कान!"

"अवं, खरंच वाजून राह्यले!"

"मंग मले काहून नाई ऐकू येत?"

पण एका सकाळी मोबाइलवर त्याला घबाडच सापडलं. तो अनवाणीच अंगणात धावला. "सापडलं! चीनमदले वैद्य कानावर किड्याची कात देतात! आपल्या बाभळीवर उन्हाळ्यात वरडते ना, तसाच किडा! काढा करून प्याचा!"

"माह्या भांड्यात नाई!" गोमतीबाईनं बजावलं.

इंद्रभान कशाला ऐकतो! भर उन्हात त्यानं बांधावरची बाभूळ न् बाभूळ धुंडाळली. कात एकही मिळाली नाही, किडे मात्र रग्गड. मग काय, किडे घरी न्यायचे आणि कात टाकली की उचलायची! पंख फुटलेला किडा कात केव्हाच टाकून मोकळा झालेला असतो, हे त्याला कोण सांगणार? कांद्याची टोपली रिकामी करून त्यानं चाळीसेक किडे आत कोंडले आणि वर फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोमतीबाईनं कांदा घ्यायला फडकं सोडलं.

भुर्रर्र! किडे आढ्याला, भिंतीवरच्या फोटोंवर, तिच्या अंबाड्यात. वर पत्रे तापलेले. सगळे एकदमच ओरडायला लागले. शेजारचा दौलतसिंग दारात येऊन काहीतरी विचारत होता, पण त्याचं नुसतं तोंड हलताना दिसलं.

"बंद करा हे! डोकं फुटून राह्यलं माहं!" गोमतीबाई कान दाबून किंचाळली.

इंद्रभाननं आनंदानं उडीच मारली. "हेच! हेच वाजते माह्या कानात!"

"असं? दिवसभर?"

"झोपेतबी."

तिचे डोळे भरून आले. "अन् मी तुमाले कामचोर म्हणत होती! उद्याच वाशीमले चला, कानाच्या डॉक्टरकडे."

आता कान बरा नाही झाला तरी चालेल, असं इंद्रभानला वाटलं.

पण तो झाला. डॉक्टरनं पिचकारी मारून हरभऱ्याएवढा मळाचा गोळा काढला आणि किर्रर्र थांबलं. गावात बसमधून उतरल्यावर गोमतीबाईनं अगदी हळू विचारलं, "येते ऐकू?"

"सगळं साफ!"

"मंग आता वांग्याले पाणी सोडा."

घरात शिरताच, पुन्हा काही ऐकू येईनासं होईल या आशेनं इंद्रभाननं आढ्याकडे पाहिलं. एकही किडा उरला नव्हता.