टिपणीस ब्रिस्केट निवडतो

सर्व संबंधितांस, तसेच ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांसही, कळविण्यात येते की मरीन परेड येथील आमचे मित्र श्री. अशोक टिपणीस हे शनिवारी सकाळी खाटकाकडे जाणार आहेत. इष्टमित्रांनी धीर धरावा. अफवांवर विश्वास ठेवू नये. रविवारी दुसरा कार्यक्रम ठरवू नये. ठरवला असल्यास तो रद्द झाला असे समजावे.

हसू नका. हा मजकूर माझा नाही, टिपणीसचा आहे. दर महिन्याला तो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असं काहीतरी टाकतो आणि खाली जबाबदार अधिकाऱ्यासारखं पूर्ण नाव लिहितो. टिपणीस बँकेत इतरांच्या हिशेबातल्या चुका शोधतो, त्यामुळे त्याला सरकारी भाषेची गोडी आहे. पन्नाशी उलटली, लग्न केलेलं नाही. का, असं विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणतो. दूध आणायचं राहून जावं, तसं.

तर ब्रिस्केट. ब्रिस्केट म्हणजे बैलाच्या छातीचा, पुढच्या दोन पायांमधला भाग. जन्मभर जनावराचं वजन पेलून तो असा चिवट होतो की नुसता परतून खाल्लात तर दाताच्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवावी. पण दिवसभर मंद धुरात ठेवला, तर सुरी लावायची गरज नाही, लांबून दाखवली तरी पुरते. ज्या वाचकांना हे चालत नसेल त्यांनी माझ्या बायकोशेजारी बसावं. मृणाललाही चालत नाही. टिपणीस तिच्यासाठी त्याच धुरात वेगळ्या जाळीवर पनीर ठेवतो, ते ती खाते आणि ब्रिस्केट खाणाऱ्यांपेक्षा जास्त बोलते.

आता निवडण्याचा सोहळा. गेलांगच्या बाजारात हाशिम नावाच्या मलय खाटकाचा गाळा आहे. तिथे टिपणीस घड्याळ काढून माझ्या खिशात टाकतो, बाह्या वर करतो आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहतो. हाशिम त्या हातांवर अख्खी ब्रिस्केट ठेवतो. टिपणीस डोळे मिटतो. मागे रांगेत उभ्या असलेल्या बायका आपोआप गप्प होतात. त्यांना वाटतं, काहीतरी धार्मिक चाललंय.

“बघ, दोन्ही टोकं कशी शालीसारखी लोंबली पाहिजेत,” तो डोळे न उघडता मला सांगतो. “ही ताठ आहे. स्वभावच ताठ. दिवसभर धूर दिला तरी विरघळायची नाही. नेक्स्ट, हाशिम!”

हाशिम पुढची ठेवतो. मग चरबीची तपासणी. थर बोटाएवढा जाड हवा. हाशिमची बाकीची गिऱ्हाइकं रेंडांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेला मांसाचा रस्सा, करतात, त्यांना चरबी छाटून, तुकडे करून हवे असतात. त्यामुळे सवयीने त्याचा हात सुरीकडे गेला रे गेला की टिपणीस “नो, नो, नो!” असा ओरडतो की शेजारचा कोंबडीवाला दचकून स्वतःची सुरी खाली ठेवतो.

“अंकल, यू मॅरी हर ऑर ईट हर?” हाशिमने एकदा विचारलं होतं.

“दोन्हीला वेळ लागतो,” टिपणीस मला म्हणाला. हे भाषांतर करून सांगायची जबाबदारी मी टाळली.

रविवारी सकाळी कोवळ्या उन्हात आमच्या काँडोच्या, म्हणजे सोसायटीच्या, पोहण्याच्या तलावाकाठी टिपणीसचं पिंप पेटतं. पिंप म्हणजे धुराची भट्टी. पहारेकऱ्याने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा अग्निशमन दलाला फोन करायला निघाला होता. आता तो जेवायलाच असतो. आम्ही सगळे नाश्त्याच्या वेळेला जमतो. मुलं पाण्यात उतरतात. पत्त्यांचा डाव पडतो, मोडतो, भांडण होतं, पुन्हा डाव पडतो. कोणी आरामखुर्चीत घोरतं. मृणाल चहा करते, पुन्हा चहा करते, “भाऊजी, तुमच्या या बयेपायी माझी साखर संपली” म्हणते आणि तिसऱ्यांदा चहा टाकायला जाते.

“झालं का रे?” आम्ही विचारतो.

“तिची तिला सवड हवी,” टिपणीस म्हणतो आणि पिंपावरच्या तापमानाच्या तबकडीवर तळहात ठेवतो. तबकडी तो कोणाला बघू देत नाही.

एकदा बर्वेने, म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या मित्राने, गुपचूप झाकण उघडून काटा टोचला. “अरे, ही लोणी झालीय! काढ की!”

टिपणीसने त्याच्या हातातून काटा काढून घेतला. “आता हिला विश्रांती.” आणि खरोखर, त्याने ब्रिस्केट जुन्या टॉवेलात बाळासारखी गुंडाळली आणि बर्फाच्या रिकाम्या पेटीत निजवली. शास्त्र तसंच आहे म्हणे. उन्हं कलून दिवे लागेपर्यंत ती झोपली आणि आम्ही उपाशीपोटी तिचा श्वास ऐकत बसलो.

परवाचा शनिवार मात्र वेगळा होता. बर्वेचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे नोकरी करायचा परवाना, पुढे वाढला नाही. पुढच्या आठवड्यात तो, बायको आणि मुलगी कायमचे पुण्याला चालले होते. त्याआधी आमच्यातलेच जोशी सिडनीला गेले, करमरकरांनी लांब टॅम्पिनीसला घर घेतलं आणि ‘येऊ हं नक्की’ म्हणत यायचे थांबले. बर्व्यांना निरोप द्यायचा तर ब्रिस्केटनेच, असं टिपणीसने जाहीर केलं होतं. ग्रुपवरच्या निवेदनात या वेळी एकही विनोद नव्हता. ‘सर्वांनी लवकर यावे,’ एवढंच.

आम्ही गाळ्यावर पोचलो. टिपणीसने घड्याळ काढून माझ्या खिशात टाकलं, हात पुढे केले. हाशिमने ते हात हळूच खाली केले.

“होल पीस नो मोअर, अंकल. वन वेडिंग, ऑल टेक.”

टिपणीसचा चेहरा उतरला. दुसरीकडे गोठलेली मिळाली असती, पण उद्या सकाळपर्यंत ती काही वितळली नसती. हाशिमला कीव आली. त्याने आतून एक लहानसा पातळ तुकडा आणला, ब्रिस्केटचाच, पण नीट छाटलेला, सुबक.

“दिस वन ऑल्सो कॅन. व्हेरी नाइस.”

“हाऊ लाँग टू कुक?” टिपणीसने विचारलं.

“फास्ट! लंच टाइम, फिनिश.”

“नको.”

हाशिमने बरगड्या आणल्या. लालबुंद, मधून चरबीच्या रेघा, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. टिपणीसने त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही.

“हाऊ लाँग?”

“ऑल्सो नॉट लाँग. टेस्ट मोअर बेटर, अंकल!”

“नको.”

“अरे टिपणीस,” मी म्हटलं, “बरगड्या काय वाईट आहेत? उलट लवकर होतील. बर्वेला सामान बांधायचंय, त्याचीही सोय.”

“तुला कळत नाही त्यात तू बोलू नकोस, सुहास.”

हाशिमने खांद्याचा तुकडा आणला. टिपणीसने तो हातावर घेतला, डोळे मिटले, टोकं लोंबली, चरबीही होती. मी सुटकेचा श्वास टाकला. आणि त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, पुन्हा तेच उत्तर मिळालं आणि तुकडा परत केला. मागची रांग पार कोंबडीवाल्यापर्यंत गेली होती. एक आजी पिशवीने माझ्या पाठीत ढोसत होत्या.

शेवटी हाशिमने सुरी ओट्यावर आपटली.

“अंकल! एव्हरीबडी कम हिअर, एव्हरीबडी वाँट फास्ट. यू ओन्ली वाँट स्लो, स्लो, स्लो. व्हाय?”

एरवी हाशिमशी इंग्रजीत बोलणारा टिपणीस अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध मराठीत त्याच्यावर ओरडला:

“अरे बाबा, हे दुपारीच शिजलं, तर जेवून सगळे घरी नाही का जाणार!”