लोणच्यालाही पर्लची आठवण

बायको, पर्ल, गेल्याचं हॉस्पिटलातून फोनवर कळलं, तेव्हा मेंडेल झिल्बरला काय करावं सुचेना. त्यानं फोन ठेवला आणि खिडकीतल्या तिच्या झाडाला पाणी घातलं. पर्ल त्या झाडाशी रोज बोलायची. मेंडेलपेक्षा जास्तच.

मेंडेलचा धंदा खोटं पकडायच्या यंत्राचा. न्यूयॉर्कातले दुकानदार गल्ल्यावरच्या नोकरांना त्याच्याकडे तपासायला पाठवत. ज्यू रिवाजाप्रमाणे शोकाचे सात दिवस संपले, त्या दिवसांत आरशांवर टाकलेल्या चादरी निघाल्या, आणि त्यानं यंत्राचे चिमटे झाडाच्या पानाला लावले. टेबलाशी बसून पर्लची आठवण काढली. यंत्राची कागदावर रेघ ओढणारी सुई ताडकन उडाली.

"याला आठवतंय!" मेंडेल एवढ्यानं ओरडला की खालच्या ब्लाउस्टाइनबाई धावत वर आल्या. संध्याकाळपर्यंत जिन्यात रांग लागली. बाई अर्थातच पहिल्या.

"विचारा ना त्याला, माझा जावई रात्री खरंच ऑफिसात असतो का?"

"अहो बाई, झाड आहे ते, गुप्तहेर नाही."

"तुमच्या बायकोचं बरं कळतं मग त्याला!"

बातमी एका वर्तमानपत्रापर्यंत गेली. त्यांचा माणूस बुधवारी येणार होता. मंगळवारी पर्लची थोरली बहीण फ्रीडा सूप घेऊन आली. तिचा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलेला.

"मेंडेल, तुझ्यासमोर माणूस बसला की पहिलं काय विचारतोस?"

"नाव. खरं बोलताना सुई कशी चालते, ते आधी बघावं लागतं."

"आणि झाडाचं काय बघितलंस?"

फ्रीडानं बरणीतून खारवलेली काकडी काढली आणि चिमटे तिला लावले. "हं, काढ आठवण."

मेंडेलला पर्लचा निळा कोट आठवला. सुई कागदाबाहेर जायच्या बेतात आली.

"म्हणजे लोणच्यालाही ती आठवते?"

"न आठवून सांगतंय कुणाला? लोणच्याच्या दुकानात तिच्याइतकी घासाघीस केली कुणी?"

मेंडेल हसायला लागला. फ्रीडाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दोघं हसले.

"अरे, ती मनात आली की तू केवढा सुस्कारा सोडतोस, कोपर आदळतोस. टेबल हलतं, चिमटे हलतात, सुई उडते."

"मग झाडाला काहीच कळत नाही?"

"ते कसं सांगू? तू खाली रस्त्यावर जा, तिथे तिची आठवण काढ. मी इथे सुई बघते. तरी उडाली, तर झाड खरं."

मेंडेलनं कोट चढवला, दारापर्यंत गेला आणि परत येऊन कोट काढला.

"आधी सूप घेऊ. गार होतंय."

सूप झालं. काकडीही दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. मग मेंडेलनं वर्तमानपत्रवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

चिमटे पुन्हा पानाला लागले आहेत. फ्रीडा आली की परीक्षा कधी करायची ते विचारते. मेंडेलचं त्यासाठी खाली रस्त्यावर जाणं अजून राहिलं आहे.